प्रिय शेतकरी, तुमचं शेत बंद होत आहे

आधी बाईंचं सांगते. काय झालं ते मागून.

ज्या बाईंमुळे माझ्या धाकट्या बहिणीचं वर्ष वाचलं त्या इंदिरानगरात पहिल्या मजल्यावर राहतात, आणि मी त्यांच्याकडे राहते. त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा पुण्याच्या त्यांच्या मुलीनं मला सहा महिन्यांसाठी म्हणून ठेवलं होतं. आता तिसरं वर्ष चालू आहे. हाड केव्हाच जुळलं. मला परत पाठवायचा विषय निघाला की बाई म्हणतात, "अजून दुखतंय गं," आणि वॉकर भिंतीला टेकवून तरातरा चहा ठेवायला निघून जातात.

बाई टपाल खात्यात सॉर्टर होत्या. म्हणजे त्या पत्रं वाटत नव्हत्या, पत्रं निवडत होत्या. समोर लाकडी खणांची भिंत, एकेक खण एकेका गावाचा, आणि हातात पत्रांचा गठ्ठा. पत्र उचलायचं, बघायचं, खणात टाकायचं. बत्तीस वर्षं हेच. अजूनही त्यांचा हात तसाच चालतो. मेथी निवडताना बघावं. पान इकडं, काडी तिकडं, डोळे टीव्हीवर. ईमेल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. फोन त्यांना मुलीशी बोलण्यापुरता लागतो. तरी वाचवलं त्यांनीच, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. सोसायटीतली माणसं म्हणतात, फोनमधल्या कुठल्याशा सेटिंगनं वाचवलं. तसं नाही.

मी सुरगाण्याकडची. नाशिक जिल्ह्यातलीच, म्हणजे नकाशात बघाल तर लांब नाही. पण पाड्यावरून आधी पायी, मग जीप, मग एसटी, आणि पावसात मधला ओढा आडवा आला की तिकडचं तिकडं आणि इकडचं इकडं. वर्षातून दोनदा घरी जाणं होतं. शाळा सातवीत सुटली. सुटली कसली, सोडली. भाताची कापणी आटोपली की आई-बाप द्राक्षांच्या बागांवर कामाला निघायचे. धाकटी तेव्हा दीड वर्षांची. तिला कोण बघणार? आश्रमशाळेतल्या मॅडम मला न्यायला दोनदा आल्या, दोन्ही वेळा मी मोहाच्या झाडामागे लपले, धाकटीच्या तोंडावर हात ठेवून. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. पण तेव्हापासून छापील कागदाची धास्ती बसली, ती काही गेली नाही. बाईंचं वीजबिल आलं तरी आधी वाटतं, माझ्याच हातून काहीतरी राहिलं असणार.

ती धाकटी आता बारावी झाली, सायन्स घेऊन. आमच्या घरात पहिलीच. तालुक्याला जाऊन तिनं नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म भरला. फॉर्मवर ईमेल लागतो, म्हणून घरातला ईमेल दिला, आणि फोन नंबर माझा.

घरातला ईमेल म्हणजे काय ते सांगायला हवं. उंबऱ्याजवळचा पाण्याचा हंडा जसा सगळ्यांचा, तसा आमचा ईमेल सगळ्यांचा. मी पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा बाजाराच्या दिवशी मोबाईलच्या दुकानदारानं तो काढून दिला होता. बापाच्या नावानं काढला, आणि पासवर्ड फोनच्या खोक्यावर पेनानं लिहून दिला. बापाला तो ईमेल काय आहे हे आजही ठाऊक नाही. रेशनच्या कामाला तोच, चुलत्याच्या गाडीच्या कागदांना तोच, शेजारच्या घरातल्या सुनेच्या बँकेलाही तोच. पण तो उघडतो फक्त माझ्या फोनवर. पाड्यावर घरी बटणाचा फोन आहे, आणि रेंज हवी तर टेकडी चढून जावं लागतं. बहीण मला म्हणाली होती, "ताई, यादीत नाव लागलं तर मेल येईल. तीन दिवसांत हो म्हणून कळवायचं, नाय तर जागा दुसऱ्याला जाते. बघत राहशील ना गं?"

"बघते ना. मला दुसरं काय काम आहे?"

खरंच, एवढंच काम होतं. येणाऱ्या एका पत्रावर लक्ष ठेवायचं.

आता गेमचं सांगते. हसायचं असेल तर हसा, बहीणही हसली. दुपारी बाई दोन तास झोपतात. तेवढ्या वेळात करायला म्हणून मी फोनवर एक गेम घेतला, शेतीचा. पडद्यावर हिरवं रान, बोटानं नांगरायचं, बी टाकायचं, पाच मिनिटांत पीक उभं. त्यात गहू होता, गाजर होतं, एक मोठा लाल भोपळा होता. नागली, म्हणजे तुमची नाचणी, मी शोधली, नव्हती. भातही नव्हता. चिखल नाही, कंबर मोडून रोपांची आवणी करणं नाही. बियाणं उगवलंच नाही असं एकदाही होत नाही. मला ते इतकं नवल वाटायचं की मी नुसती कापणी करत बसायचे. बहिणीला टेकडीवर फोन लागला तेव्हा सांगितलं, तर ती म्हणाली, "इथं आवणीला ये म्हटलं तर सुट्टी नाय, आन तिथं फोनात नांगर धरते! बापाला सांगू का?"

"सांगून बघ. म्हणावं, या वर्षी माझ्या शेतात भोपळे आलेत."

"मग पाठव की दोन."

गेमनं सुरुवातीलाच ईमेल मागितला होता. माझ्याकडे एकच होता, तो मी दिला. तिसऱ्या दिवशी पहिलं पत्र आलं.

"प्रिय शेतकरी," असं त्यात वर लिहिलं होतं.

मी ते तीनदा वाचलं. मला आजवर कोणी प्रिय म्हणून पत्र लिहिलं नव्हतं. शाळेतून यायचं ते "पालकांस कळवण्यात येते की". आणि शेतकरी तर मला आमच्या शेतावरही कोणी म्हणत नाही, तिथं शेतकरी म्हणजे बाप. पत्रात लिहिलं होतं की तुमच्या शेजाऱ्यानं तुमच्या फाटकाशी गाय आणून बांधली आहे, येऊन घेऊन जा. मी गेले. गाय नव्हती. दुसरंच काहीतरी पान उघडलं, मग तिसरं. ठीक आहे, म्हटलं, गाय सुटून गेली असेल.

मग पत्रं यायला लागली. तुम्ही पाच हजार हिरे जिंकलात. तुम्हाला सोन्याचा ट्रॅक्टर लागला. एका राजघराण्याच्या बागेतलं बियाणं फक्त आज. इंग्रजीतलं पत्र फोनच मराठी करून द्यायचा, आणि ते मराठी असं यायचं की बोलणाऱ्याच्या तोंडात गरम बटाटा आहे. "आपले अभिनंदन आहेत. आपण भाग्यवान शेतकरी निवडले गेलेले आहात." मला त्याची गंमत वाटायची. कोण लिहीत असेल हे? कुठे बसत असेल? त्याला ठाऊक असेल का की मी इंदिरानगरात एका म्हातारीच्या पायाशी बसून हे वाचते आहे? त्याच्याही हाताखाली कोणी असेल, त्याला ओरडणारा? मी मनात त्याचं एक घर बांधलं होतं. खिडकीत तुळस, टेबलावर डबा.

इथं माझी चूक झाली, आणि ती आमच्याकडचीच माणसं करतील अशी आहे. आमच्या पाड्यावर टपाल क्वचित यायचं. निरोप यायचा. जीपवाल्याबरोबर, बाजाराहून परतणाऱ्या कोणाबरोबर. निरोप आणणाऱ्याला पाणी द्यायचं आणि उलट निरोप पाठवायचा, मग तो नकाराचा का असेना. मुलगी बघायला येतो म्हणाले आणि आपल्याला नको असेल, तरी "या वर्षी नाही" एवढं सांगून पाठवायचं. निरोप घेऊन गप्प बसणं म्हणजे दार तोंडावर लावणं. आई म्हणायची, माणूस नाही म्हणाला तर राग जातो, गप्प राहिला तर राग राहतो.

म्हणून मी प्रत्येक पत्राला उत्तर देत होते.

"नमस्कार. तुमचे पत्र मिळाले. हिरे नकोत. आभारी आहे." "नमस्कार. ट्रॅक्टर ठेवायला जागा नाही. दुसऱ्या कोणाला द्यावा." एकदा तर मी विचारलं होतं, "तुम्ही मराठी का? तुमचे जेवण झाले का?" त्याला लगेच उत्तर आलं, एका मिनिटात. मला इतका आनंद झाला. उघडलं तर लिहिलं होतं, तुमचा तिकीट क्रमांक अमुक, खालचं बटण दाबा. काही उत्तरं माझीच मला परत यायची, पत्ता सापडला नाही म्हणून. त्यांचंही मला वाईट वाटायचं. पत्र लिहायला वेळ आहे, पण पत्ता बदलला तो कळवायला नाही?

आणि जितकी उत्तरं जात होती तितकी पत्रं वाढत होती. आधी दिवसाला चार, मग दहा, मग मोजायचं सोडलं. त्यात आता गेमबरोबर रमी आली, लॉटरी आली, परदेशातली कोणी विधवा आली जिला आपली इस्टेट मलाच द्यायची होती. तिलाही मी लिहिलं, "तुमच्या दुःखात सहभागी आहे."

मग एका मंगळवारी दुपारी ते पत्र आलं. वर लाल पट्टी. "प्रिय शेतकरी, तुमचं शेत बंद होत आहे. चोवीस तासांत ओळख पटवा, नाही तर खातं कायमचं मिटवलं जाईल."

शेत गेलं असतं तर गेलं. भोपळेच होते. पण खातं म्हणजे कोणतं खातं? माझ्या डोक्यात एकच खातं होतं, घरातला ईमेल. तो मिटला तर बहिणीचं पत्र कुठं येणार? फोन मांडीवर ठेवूनच मी बटण दाबलं. पान उघडलं, अगदी गेमसारखं, कोपऱ्यात तोच भोपळा. ईमेल विचारला, दिला. पासवर्ड विचारला. मी ट्रंकेतून खोक्याचा पुठ्ठा काढला, एकेक अक्षर बघून पासवर्ड टाकला. पान म्हणालं, धन्यवाद.

मला हायसं वाटलं. खरंच. मी उठून पाणी प्याले. परत आले तर नवं पत्र आलेलं, आणि ते वेगळंच होतं. कोणीतरी तुमच्या खात्यात नव्या ठिकाणाहून शिरलं आहे. तुम्हीच ना?

मी नव्हते. मी तर मोरीपाशी पाणी पीत होते.

बाईंना मी झोपेतून उठवलं. इथं आल्यापासून पहिल्यांदा. त्या चष्मा चाचपत म्हणाल्या, "काय झालं? गॅस राहिला का?"

मी रडत रडत सगळं सांगितलं, गायीपासून पुठ्ठ्यापर्यंत, खिडकीतल्या तुळशीसकट. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "उत्तरं दिलीस? सगळ्यांना?"

"हो."

"त्या विधवेलासुद्धा?"

"दुःखात सहभागी आहे म्हणून."

बाई हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली. "अगं माझे आई, तू पत्रं वाचत बसलीस! सॉर्टर पत्र वाचत बसला तर गाडी निघून जाते. आधी सांग, किल्ली दिलीस ना त्यांना? मग कुलूप बदल. रडणं मागून."

कुलूप कसं बदलतात ते बाईंना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण बाई शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "घाई नको. एकेक ओळ मोठ्यानं वाच, मी ऐकते." फोनमध्ये सुरक्षा असं एक पान सापडलं. मी वाचत गेले, त्या हो-नाही म्हणत गेल्या. कोणकोणत्या फोनवर हे खातं उघडं आहे त्याची यादी आली. दोन होते. एक माझा, आणि एक कुठल्यातरी मी न ऐकलेल्या शहरातला. बाई त्या ओळीकडे चष्म्यातून बघत राहिल्या. "हा तुझा तुळसवाला," म्हणाल्या. त्याला बाहेर काढायचं बटण होतं, ते दाबलं. नवा पासवर्ड बाईंनी सुचवला. तो इथं लिहीत नाही, पण त्या आकड्यांना आणि अक्षरांना त्यांच्या जुन्या कचेरीत काहीतरी अर्थ होता एवढं सांगते. बाप, चुलता, शेजारची सून, सगळ्यांचे कागद त्या एका हंड्यात होते हे मला तेव्हा कुठं उमगलं. सगळं जागच्या जागी होतं. बहुधा त्याला आत येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

मग बाईंनी मला शिकवलं. त्यांना शिकवायला कोणी मिळालं नव्हतं बरीच वर्षं, असं मला वाटतं.

"पत्राच्या पोटात काय आहे ते शेवटी. आधी छाप बघायची. कुठून निघालं? नाशिकहून आलंय म्हणतंय आणि छाप भलत्याच गावची, तर ते खोटं बोलतंय. तुझ्या या शेताच्या पत्रावर छाप कुठं असते?"

पाठवणाऱ्याच्या नावावर बोट दाबलं की खाली त्याचा खरा पत्ता दिसतो, हे आम्ही दोघींनी मिळून शोधलं. नाव गेमचं, आणि पत्ता म्हणजे नुसती अक्षरांची भेळ. बाईंना ते बघून जो आनंद झाला! "दाखव, पुढचं दाखव." एकेक पत्राची छाप आम्ही बघत बसलो. संध्याकाळची भाजी राहिली. त्यांच्या काळातही हे होतं म्हणाल्या. हे पत्र अकरा जणांना पाठवा, नाही तर घरात मृत्यू होईल, अशी पोस्टकार्डं गोणीनं यायची. रेडिओ लागला म्हणून पार्सल सोडवायला लोक यायचे आणि आत वीट निघायची. "माणूस बदलला नाही गं. तेव्हा टपाल हमाल दमायचे, आता कोणी दमत नाही, एवढाच फरक."

"बाई, पण जो लिहितो त्याला कळत असेल ना, समोर माणूस आहे?"

"तुला कळलं होतं का, समोर माणूस नाही?"



गोष्ट इथं संपली असती तर मी लिहिलीच नसती. मी शिकले, आणि जरा जास्तच शिकले. आधी प्रत्येकावर विश्वास होता, आता कोणावरच नाही. मी गेम काढून टाकला आणि पत्रं फेकायला लागले. तातडीचं दिसलं, फेक. बटण दाबा म्हणतंय, फेक. रद्द होईल म्हणतंय, फेक. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री भांड्यांनंतर मी ती ईमेलची पेटी झाडूनपुसून रिकामी करायचे आणि बाईंना सांगायचे, "आज चाळीस गेले." बाई म्हणायच्या, "तुझ्या हाताला धार आली की."

पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला, बहिणीचा फोन आला. टेकडीवरून बोलत होती, वारा ऐकू येत होता.

"ताई, मेल आला का गं?"

"नाही आला. आला की सांगते म्हटलं ना."

"खालच्या पाड्यावरच्या माझ्या मैत्रिणीला आला. बुधवारीच आला. तिला माझ्यापेक्षा मार्क कमी हायेत."

मी बोटांवर दिवस मोजायला लागले.

"ताई? नाव लागलं नसंल का मग माझं?" तिचा आवाज बारीक झाला. "नसंल तर नसंल. बापाला काय सांगू तेवढं सांग."

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन दिवस म्हणजे आजच संपत होते. मी पेटी उघडून दाखवली बाईंना. रिकामी. नळाखालच्या ताटासारखी लख्ख.

"आलंच नाही," मी म्हटलं. "किंवा आलं असेल आणि..."

बाई पलंगावर सरळ झाल्या. "फेकलेलं कुठं जातं?"

"कचऱ्यात."

"तो कचरा उचलून नेतात की पडून असतो?"

मला ठाऊक नव्हतं.

"आमच्याकडे पत्रांची थैली रिकामी झाली असं नुसतं म्हणून चालत नव्हतं," बाई म्हणाल्या. "उलटी करायची. शिवण वर आणायची, दोघांनी धरून झटकायची. एखादं पातळ आंतर्देशीय पत्र शिवणीत चिकटून राहतं. तू थैली उलटी केलीस का?"

फोनमध्ये कचऱ्याच्या डब्याचं एक चित्र होतं. मी त्यावर आजवर बोट ठेवलं नव्हतं. कचऱ्यात काय बघायचं? ठेवलं. सगळं तिथंच होतं. गायी, हिरे, ट्रॅक्टर, विधवा. शेकडो. महिनाभर पडून असतं म्हणे, तेव्हा कळलं. बाई म्हणाल्या, "वाचू नकोस. फक्त छाप सांग, बुधवारपासून." मी पत्ते वाचत गेले, त्या डोळे मिटून "पुढं, पुढं" म्हणत होत्या. एका पत्त्याला मी थांबले. अक्षरांची भेळ नव्हती. सरळ होता, शेवटी सरकारी पत्त्याला असतं तसं होतं.

आत लिहिलं होतं: तातडीचे. तीन दिवसांत, शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत, खालील बटण दाबून संमती द्यावी, अन्यथा प्रवेश रद्द समजण्यात येईल.

अगदी त्या शेताच्या पत्रासारखं. शब्द तेच, धमकी तीच. खरी माणसंसुद्धा असंच लिहितात, तर माझ्यासारखीनं ओळखायचं कसं? ते बुधवारी दुपारी आलं होतं, वेळ तिथं होती. रात्री भांड्यांनंतर मी ते फेकलं, आणि चाळीस गेले म्हणून बाईंना सांगितलं होतं.

माझं बोट बटणाकडे गेलं. बाईंनी मनगट धरलं. "थांब. छाप बरी आहे, पण छापही बनवता येते. रजिस्टरच्या पत्राला नंबर असतो, तो पावतीशी जुळवतात. पावती कोणाकडे?"

पावती बहिणीकडे. पाड्यावर, घरात, फळीवर. ती टेकडीवर. तिला सांगितलं, पळ. ती पळाली. परत वर यायला तिला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात बाईंनी मला दोन पोळ्या खायला लावल्या.

"ताई, बोल," ती धापा टाकत होती. "वाचते. फॉर्म नंबर..." ती एकेक आकडा म्हणायची, मी पत्रातला बघायचे, बाई बोटांवर मोजायच्या. बारा आकडे. बाराही जुळले.

"आता पावतीवर फोन नंबर आहे का? पत्रातला नको, पावतीवरचा," बाई म्हणाल्या.

होता. लावला तर लागेना. सात वेळा लावला. आठव्या वेळी एका बाईनं उचलला, तोंडात काहीतरी घास होता तिच्या. तिनं नंबर विचारला, थांबा म्हणाली, आणि मग म्हणाली, "हो, यादीत आहे. पाचच्या आत संमती द्या. इतका उशीर का केलात?"

मी म्हटलं, "कचऱ्यात गेलं होतं."

"सगळ्यांचं तिथंच जातं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बटण दाबलं. तर पान म्हणालं, फोनवर सहा आकडे येतील, ते इथं टाका. मी फोन खाली ठेवला. आकडे कोणालाही देऊ नका, कोणालाही देऊ नका, असं बँकेपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे सांगतात. बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "कोणी मागायला आलाय का? तूच गेलीस त्यांच्या दारात. आपण होऊन गेलो तर सही करावीच लागते."

टाकले. दोन वाजून दहा मिनिटांनी पान म्हणालं, संमती नोंदवली आहे. मी ते मोठ्यानं वाचलं. बाई म्हणाल्या, परत वाच. परत वाचलं. बहिणीला फोन केला तेव्हा ती टेकडीवरच बसून होती, खाली गेलीच नव्हती.

"लागलं," मी म्हटलं.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ताई, तू रडू नको गं. मी पन रडत नाय."

रडत होतो दोघीही. बाई तेवढ्या रडत नव्हत्या. त्या फोनकडे वाकून ओरडून म्हणाल्या, "पोरी, ऐक! शिकून आलीस की मला सुई टोचायला येशील ना? पण हात हलका ठेव हं, तुझ्या ताईसारखा नको!"

बहीण आता नाशिकलाच आहे, कॉलेजच्या हॉस्टेलवर. तिचा तिचा वेगळा ईमेल आहे. रविवारी येते, बाईंचं बीपी बघते, वहीत लिहिते, आणि दोघी मिळून मला हसतात. मी बाईंना तोंडावर कधी नीट काही बोलू शकले नाही. तसं बोलायची आम्हाला सवय नाही, आणि बाईंनाही ते खपत नाही, लगेच म्हणतात, "बास, कुकर बघ." म्हणून इथं लिहिते. बाई, तुम्ही माझ्या बहिणीचं वर्ष वाचवलंत, आणि मला दोनदा उघडं पडू दिलं नाहीत, एकदा भोळी म्हणून आणि एकदा शहाणी म्हणून. ते कसं फेडायचं हे मला अजून कळलेलं नाही. एवढं मात्र नक्की, हे मी तुमचं देणं लागते, आणि एक ना एक दिवस ते फेडल्याशिवाय राहणार नाही.